कळवण डकवीड

एकलहरे रोड, नाशिकरोड
९ एप्रिल

प्रिय पायल,

सप्रेम जयभीम. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मी मुद्दाम टाकलेलं नाही. नाव बघून तू ते न उघडता ठेवून दिलं असतंस तरी मी तुला दोष दिला नसता, पण हे पत्र तू वाचायला हवंस. याआधी तीन कागद फाडले. पहिल्यावर माफी मागायला लागले, दुसऱ्यावर पप्पांच्या तब्येतीचं लिहिलं, तिसऱ्यावर नुसतं तुझं नाव लिहून अर्धा तास बसले. पंचवीस वर्षं अंगणवाडीत अहवाल लिहिले, कोणत्या मुलाचं वजन किती, कोणाची कोणती लस राहिली, कधी अडखळले नाही. आता मात्र आधी काय आणि नंतर काय हेच सुचत नाही. म्हणून जसं आठवेल तसं लिहिते. तू मागेपुढे लावून घे.

पप्पा आहेत. हे अगदी पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, कारण आईचं असं अचानक पत्र आलं की माणूस वाईटच धरून चालतो. ते आहेत, चालतात, दोन वेळ जेवतात. गेल्या नोव्हेंबरात त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली होती. त्यातला पाय बराचसा परत आला, हात अजून आलेला नाही. त्यांच्या बोलण्याचंही सांगायचं आहे, खरं तर तेच सांगायचं आहे, पण ते सांगायला आधी डकवीडचं सांगावं लागेल. आणि डकवीड हे काय प्रकरण आहे हे मला दोन वर्षं त्यात हात घालूनही नीट कळलेलं नाही.

तुला माहीतच आहे, पॉवर स्टेशनात छत्तीस वर्षं शिफ्ट केलेला माणूस. रिटायर झाल्यावर पहिले सात-आठ महिने ते पहाटे उठून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात खुर्ची टाकून बसायचे. डबा तेवढा मागायचे राहिले होते. मी म्हटलं, विहारात जा, वाचनालयात जा, चार माणसांत बसा. नुसती मान हलवायचे. मग एक दिवस सकाळच्या बसने कुठेतरी गेले आणि दिवेलागणीला प्लॅस्टिकच्या बरणीत हिरवं पाणी घेऊन परत आले. नीट बघितलं तर पाणी हिरवं नव्हतं, वर पानं तरंगत होती. एवढी एवढीशी, तिळापेक्षा थोडी मोठी, प्रत्येकाच्या खाली दोऱ्यासारखं एक मूळ. "हे काय आणलंत?" तर म्हणे, "डकवीड. कोंबड्यांना आणि माशांना चारायचं." आपल्याकडे तेव्हा ना कोंबडी होती ना मासा. "कुठून आणलं?" तर म्हणे, "कळवणकडे एक ओळखीचे आहेत." कळवण म्हणजे तुझं सासर. नवनाथ तिकडचा, हे मी विसरले नव्हते. पण पप्पांनी ते इतक्या सहज म्हटलं आणि लगेच टप धुवायला घेतला, की मी पुढे विचारलं नाही. तू गेल्यापासून या घरात न विचारण्याची सवय पक्की झाली आहे.

त्यानंतर घर बदललं. मागच्या अंगणात पाच टप आले, वर हिरवी जाळी बांधली. शकुबाईच्या गोठ्यातून शेण आणून बादलीत कालवायचं, दोन दिवस ठेवायचं, गाळून थोडं थोडं टपात घालायचं. शकुबाई म्हणजे पलीकडच्या मळ्यातली, तू गेल्यानंतर राहायला आली. सुरुवातीला मला वाटलं अझोला आहे, तोही पाण्यावरच वाढतो, आमच्या अंगणवाडीच्या बाईंच्या घरी गाईला घालायचे. मी अझोला म्हटलं की पप्पा चिडायचे, "अझोला वेगळा, हे वेगळं." मला दोन्ही सारखीच दिसायची. टप एका दिवसात अर्धा भरलेला असायचा, तिसऱ्या दिवशी गच्च. चहाच्या मोठ्या गाळणीने अर्धं काढायचं, अर्धं ठेवायचं. सगळं काढलं तर परत वाढत नाही, अजिबात काढलं नाही तर एकमेकांखाली दबून पिवळं पडतं. हे गणित त्यांनी मला किती वेळा सांगितलं. मग सिमेंटची टाकी बांधून त्यात चिलापी मासे सोडले, आठ गावरान कोंबड्या आल्या, शेवटी दोन बदकं. कोंड्यात कालवून ती हिरवी पानं दिली की कोंबड्या पातेल्यातच चढायच्या. माशांच्या टाकीत मूठभर टाकलं की पाण्यावर टपटप आवाज व्हायचा, पाऊस पडल्यासारखा, आणि पाच मिनिटांत पाणी स्वच्छ. पप्पा काठावर बसून ते बघायचे आणि हसायचे. मी त्यांना इतकं हसताना कितीतरी वर्षांनी पाहत होते. महिन्यातून एकदा-दोनदा ते "बियाणं बदलून आणतो" म्हणून कळवणला जायचे. ज्याचं दर तीन दिवसांनी दुप्पट होतं त्याचं बियाणं सारखं कशाला बदलायचं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. का आलं होतं आणि मी ते बाजूला ठेवलं, ते आता सांगता येत नाही.

झटका आला तो सकाळी, टपांपाशीच. गाळणी हातात होती. शकुबाईनं बघितलं म्हणून, नाहीतर मी आत पोळ्या करत होते. आपला रवी पुण्याहून दुपारपर्यंत पोचला. अकरा दिवस दवाखान्यात. पप्पांचा मोबाईल मीच बंद करून कपाटात ठेवला, वाजला की ते अस्वस्थ व्हायचे. घरी आले तेव्हा एक शब्द नव्हता तोंडात. ओठ हलायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, आवाज नाही. डॉक्टर म्हणाले समजतं त्यांना बरंचसं, बोलता येत नाही, लिहिताही येणार नाही, मेंदूतली तीच जागा गेली आहे. घरी येऊन आठ दिवस झाले असतील. ऊन खायला त्यांना अंगणात खुर्चीवर बसवलं होतं. त्यांनी डावा हात टपात घातला, तळहातावर ती हिरवी पानं घेतली, माझ्याकडे बघितलं आणि अगदी स्पष्ट म्हणाले, "पायल."

माझ्या हातातलं पातेलं पडलं. सहा वर्षं या घरात ते नाव कोणी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. मी जवळ गेले, म्हटलं, "काय म्हणालात?" "पायल." पाणी हवंय का? "पायल." आत जायचंय का? "पायल." तेव्हापासून आजपर्यंत, पोरी, तेवढा एकच शब्द. चहा हवा असला तरी पायल, नको असला तरी पायल. बनियन उलटं घातलं गेलं तर चिडून पायल, बदक अंगावर धावलं तर घाबरून पायल. टीव्हीवर बातम्या लागल्या की मदतीला येऊन राहिलेल्या तुझ्या भावजयीला, रवीच्या बायकोला, समजावल्यासारखं हातवारे करून पाच मिनिटं पायल पायल पायल. आवाजाच्या चढउतारावरून मला निम्मं कळतं. उरलेल्या निम्म्यात मी रोज चुकते.

स्पीच थेरपीच्या पूजा मॅडम आहेत, मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. चांगली मुलगी आहे, तुझ्याएवढीच असेल. तिनं समजावलं की असं होतं, एखादा शब्द अडकून बसतो आणि प्रत्येक वेळी तोच बाहेर येतो, त्यात फार अर्थ शोधू नका, कोणाकोणाचा तर नुसता आकडा अडकतो. मग तिनं वहीत लिहायला पेन काढलं आणि विचारलं, "काकू, पायल कोण?" आणि मी, तुझी आई, काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "ते टपातलं डकवीड आहे ना, त्याला हे लाडानं पायल म्हणतात." तोंडातून निघून गेलं. सहा वर्षांची सवय, तुझा विषय आला की दुसरं काहीतरी बोलायचं. पूजा मॅडमनी तसं लिहून घेतलं. रवीची बायको तिथेच होती, ती माझ्याकडे बघत राहिली. आणि शकुबाई भिंतीपलीकडून ऐकत होती. तिनं ते खरंच धरलं. दुसऱ्या आठवड्यात डबा घेऊन दारात उभी, "वहिनी, मूठभर पायल द्या ना आमच्या कोंबड्यास्नी. लय चांगली अंडी द्यायला लागल्यात." मी डबा भरून दिला आणि आत जाऊन न्हाणीघरात बसले. मला रडू येत नव्हतं. नक्की काय होत होतं तेही सांगता येत नाही.

टपांचं सगळं माझ्यावर आलं. मी करत होते, पण समजून करत नव्हते. मार्च महिन्यात डास शोधायला कॉर्पोरेशनच्या बाया आल्या. त्यांनी टपात बॅटरी मारून बघितलं, अळ्या नव्हत्या, तरी "काकू, पाणी साठवू नका, स्वच्छ ठेवा" असं सांगून गेल्या. मी घाबरले. दुसऱ्या दिवशी पाचही टप रिकामे केले, ब्लिचिंग पावडर टाकून घासले, नळाचं ताजं पाणी भरलं आणि बाजूला काढून ठेवलेली पानं परत सोडली. पप्पा खुर्चीवरून बघत होते आणि ओरडत होते, "पायल! पायल!" मला वाटलं कौतुक करताहेत, नाहीतर उन्हात आहे म्हणून ओरडताहेत. मी त्यांची खुर्ची सावलीत ओढली. ते सांगत होते की पावडर घालू नको. दोन दिवसांत सगळं पांढरं पडलं. तिसऱ्या दिवशी वास सुटला. चमचाभरही हिरवं उरलं नाही. पप्पा एकेका टपापाशी जाऊन बघत होते आणि हळू आवाजात तेच एक नाव घेत होते. कोणी मेल्यासारखं वाटत होतं, आणि तो शब्द तुझा होता.

मासे कोंड्यावर दिवस काढत होते, पण पप्पांनी जेवण कमी केलं. म्हणून मी ठरवलं, परत आणायचं. कपाटातून त्यांचा मोबाईल काढला, चार्ज केला. नंबरांमध्ये शोधलं तर एक नाव होतं, कळवण डकवीड. मला बरं वाटलं. लावला. दोनदाच वाजला आणि पलीकडून माणूस जवळजवळ ओरडलाच, "बोला पप्पा! अहो कुढं होता इतके दिवस? फोन बंद, पत्ता नाही. तेजल रोज विचारते, आजोबा कधी येतील, बदकाचं पिल्लू कधी आणतील."

पायल, मी "राँग नंबर" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानं लगेच तीनदा लावला. मी उचलला नाही. पप्पा समोर बसले होते, माझ्या हातातल्या फोनकडे बघत होते. मी फोन उशीखाली घातला, जसा काही मीच काही चोरून आणलाय.

तो नवनाथच, हे मला पहिल्या वाक्याला कळलं होतं. तेजल कोण हे मात्र, तुला खरं सांगते, दुपारपर्यंत कळलं नाही. पप्पांची डकवीडची एक वही आहे, टपाचं तापमान, शेणाचं पाणी कधी घातलं, काय काय. ती मी पहिल्यांदा उघडली. मध्येच लिहिलेलं, "तेजलला हिरवा रंग आवडतो." "तेजलने बदक मागितले." "तेजलचा दात हलतो म्हणे, खोटे बोलते, चार वर्षांची." मी वेड्यासारखी विचार करत होते की ही कोण बाई. मग वय वाचलं. मी माझ्या नातीचं नाव डकवीडच्या वहीत वाचलं, पायल. तू तिला घेऊन आलीस तेव्हा मी नाव विचारलंसुद्धा नव्हतं. वहीच्या मागच्या पानावर तुमचा पत्ता आहे, म्हणून हे पत्र लिहिता आलं. आणि पाच-सहा ठिकाणी एकच ओळ परत परत आहे, "पा. ड्यूटीवरून पाचला येते. चारची गाडी धरणे." म्हणजे ते यायचे, नवनाथच्या डकवीडच्या तळ्यावर त्याच्याबरोबर बसायचे, तेजलशी खेळायचे, आणि तू दवाखान्यातल्या ड्यूटीवरून घरी यायच्या आत निघायचे. दीड वर्ष. का निघायचे, हे मला माहीत आहे. या सगळ्या गोंधळात माहीत असलेली तेवढी एकच गोष्ट आहे, आणि ती आता लिहिते.

तू लग्न केलंस तेव्हा पप्पा भयंकर रागावले होते, ते तू पाहिलं आहेस. मुलगा आपल्या समाजातला नाही, न सांगता केलं, लोक काय म्हणतील, सगळं बोलले. पण तो राग पाच-सहा महिन्यांत उतरला. मग ते जेवताना मधेच विचारायचे, "काही फोन?" मी नाही म्हणायचे. नव्हताच. तुझे फोन मी घेत नव्हते, म्हणजे नव्हताच असं मी स्वतःला सांगायचे. नंतर तू आलीस. लॉकडाऊन उठल्यानंतरचा फेब्रुवारी, रविवार होता, बाळ तीन महिन्यांचं असेल, पिवळ्या टोपीत. आत रवीला बघायला पाहुणे बसले होते. त्यांना आम्ही सांगितलं होतं की मुलगी लांब दिलेली आहे, बस, एवढंच. मी पोह्यांच्या बश्या भरत होते, खिडकीतून तू गेटवर दिसलीस, आणि मी पळत आले. मी तुला आत घेतलं नाही. मी म्हणाले, "पप्पा घरात आहेत. ते म्हणतात, तिचं तोंड बघायचं नाही. जा." तू बाळाची टोपी सारखी करत उभी होतीस. मग गेलीस. पायल, पप्पा घरात नव्हते. त्यांची फर्स्ट शिफ्ट होती. पाहुण्यांना आदल्या दिवशीच तसं कळवून ते सकाळी सहालाच गेले होते आणि साडेतीनला आले. त्यांनी तसं कधी म्हटलं नव्हतं. ते वाक्य माझं होतं. आणि त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखं "काही फोन?" विचारलं तेव्हा मी त्यांना म्हणाले, "तिला आपली गरज नाही हो. तिनं निरोप पाठवलाय, परत विचारू नका." तेही वाक्य माझं. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. तू पाचला येणार आणि ते चारला निघणार, हा मधला तास मी घातलेला आहे.

का केलं, याचं मला आता धड उत्तर देता येत नाही. रवीचं लग्न मोडेल ही भीती होती, ती खरी. पण लग्न होऊन गेल्यावरही मी गप्पच राहिले, त्याचं काय? एकदा खोटं बोलल्यावर ते खरं करायला रोज थोडं थोडं बोलावं लागतं, आणि मग एक दिवस आपल्यालाच आठवत नाही की आपण नक्की कोणाला वाचवत होतो. मी स्वतःला वाचवत होते, असं आता वाटतं. उद्या कदाचित वेगळं वाटेल.

गेल्या रविवारी मी त्यांना सगळं सांगितलं. अंगणात, रिकाम्या टपांच्या शेजारी, त्यांच्या खुर्चीसमोर खाली बसून. फोन केला होता तेही सांगितलं, वही वाचली तेही, गेटचंही, पोह्यांच्या बश्यांपासून पिवळ्या टोपीपर्यंत. ते ऐकत होते. डॉक्टर म्हणतात समजतं, तर समजलंच असेल. मी थांबले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पायल." रागानं नाही, प्रेमानं नाही, नुसतं. आणि मग हसले. खांदे हलेपर्यंत हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला ते हसणं कळलं नाही. मंगळवारी पूजा मॅडमला विचारलं. आधी तिला सांगितलं की पायल डकवीड नाही, माझी मुलगी आहे, मी खोटं बोलले होते. तिनं वहीत खोडून नवीन लिहिलं. मग म्हणाली की काकू, झटक्यानंतर हसणं-रडणंही माणसाच्या ताब्यात राहत नाही, दुःखाच्या गोष्टीला हसू येतं, त्यावरून काही ठरवू नका. तर मग कशावरून ठरवू? रविवारपासून ते माझ्या हातचं जेवतात, नेहमीसारखंच. काल मी पाठीला तेल लावत होते तर त्यांनी माझा हात बाजूला केला. कंटाळून केला की तुझ्यासाठी केला, मला माहीत नाही.

मी हे पत्र माफी मागायला लिहितेय असं तुला वाटेल. माफी मागायची आहे, पण ती समोर येऊन मागेन, तू येऊ दिलंस तर. हे पत्र एक गोष्ट विचारायला लिहिलं आहे, कारण ती सांगू शकेल असं जगात तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. तेजल एवढी बोलकी आहे, आजोबा येऊन गेले हे तिनं तुला सांगितलंच असेल. मग तू कधी लवकर घरी आलीस का? कधी त्यांची चारची गाडी चुकली का? तुम्ही भेटलात का, आणि भेटलात तर त्या गेटचं तू त्यांना सांगितलंस का? सांगितलं असशील, तर ते सगळं माहीत असून माझ्याशेजारी जेवत होते, मला डकवीड शिकवत होते, आणि रविवारी हसले ते मी इतक्या उशिरा बोलले म्हणून. सांगितलं नसशील, तर त्यांनी ते रविवारी पहिल्यांदा ऐकलं, आणि माझ्यावर ओरडायला त्यांच्याकडे तुझ्या नावाशिवाय एकही शब्द नाही. या दोन्हींपैकी कोणत्या माणसाला मी रोज घास भरवते आहे, हे मला कळायला हवं. फोन करू नकोस, तुझा आवाज ऐकला तर मी घाबरून पुन्हा काहीतरी खोटं बोलेन. दोन ओळी लिही, नाहीतर ये, सोमवार ते रविवार कधीही, मी दार उघडेन आणि पप्पा घरात असतील. काहीही लिहिलंस तरी ते मी त्यांच्यासमोर बसून मोठ्यानं वाचेन, माझ्याबद्दल असेल तेसुद्धा, एक शब्द न गाळता.

तुझीच,
मम्मी